पिसेबुवा

परदेशात मुरलेल्या मराठी माणसाला पन्नाशीच्या आसपास काहीतरी लागतं. मुलं कॉलेजात गेलेली असतात, घराचे हप्ते संपत आलेले असतात आणि शनिवार-रविवार अंगावर येतात. मग कुणी मंडळाच्या नाटकात शिरतो, कुणी तबल्याची जोडी मागवतो, कुणी गोल्फ सुरू करतो आणि महिन्याभरात खांदा धरून बसतो. आमच्या ओळखीतले एक जण तळघरात वाइन करतात आणि ती आम्हाला प्यावी लागते. त्या मानाने पिसेबुवांचा उपद्रव कमी. त्यांना माश्या लागल्या.

घोंगावणाऱ्या नव्हेत. गळाच्या दांडीवर दोरा, पिसं आणि केस बांधून एक सोंग तयार करायचं. ते बघून माशाला वाटलं पाहिजे की हा किडा आहे, किंवा लहान मासा आहे, किंवा निदान तोंडात घेऊन बघायला हरकत नाही. ती ही माशी. तिला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. जाड दोरीच्या वजनावर, लांब काठीने डोक्यावरून मागे-पुढे झोके देत ती फेकावी लागते. पण फेकणं हा झाला मासेमारीचा भाग. पिसेबुवांचा जीव गुंतलाय तो त्याच्या आधीच्या भागात.

पिसेबुवा हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, ते वहिनींनी ठेवलेलं. हॅरिसबर्गच्या पंचक्रोशीतल्या मराठी घरांत ते इतकं रुळलं की एका वर्षी गणपतीच्या वर्गणीच्या यादीत तेच छापून आलं. माणूस मूळचा सातारचा, सरकारी खात्यांच्या जुनाट कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळणारा आणि जन्मापासून शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे अजून विचारून घेतात. वहिनी मालवणच्या. या एका वाक्यावर खरं तर तीन अंकी नाटक होईल, पण आपण माश्यांपुरतं बोलू.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो स्मॉलमाउथ बास. कांस्याच्या रंगाचा, अंगावर उभे काळपट पट्टे, डोळे लालसर आणि स्वभाव भांडखोर. गळाला लागला की आधी पाण्याबाहेर उडी मारून तुमच्याकडे बघून घेतो. जेम्स हेनशॉल नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १८८१ साली बासवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ट्राउटच्या मागे लागलेल्या प्रतिष्ठित मंडळींना या गावठी माशाची दखल घ्यायला लावली. पिसेबुवा हेनशॉलचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. त्यांना या माशाबद्दल आणखी एका कारणाने जवळीक वाटते. तोही इथला नव्हे. अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पूर्वेकडच्या नद्यांत हा मासा मुळात नव्हताच. १८५४च्या सुमारास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून थोडेसे मासे डोंगरापलीकडे आणून पोटोमॅकच्या खोऱ्यात सोडले, आणि पुढे ते आमच्या सस्क्वेहाना नदीतही आले. "कंपनीच्या खर्चाने आला आणि इथलाच झाला," पिसेबुवा सांगतात. "आपल्यासारखाच. फक्त ग्रीन कार्ड लवकर मिळालं."

माश्या बांधण्याचा हंगाम हिवाळा. जानेवारीत पेनसिल्व्हेनियात पाचलाच काळोख होतो, जेवण साडेसहाला उरकतं आणि पिसेबुवा तळघरात उतरतात. खाली डांबरगोळ्यांचा वास, कारण पिसांना कसर लागते. भिंतभर खणांचं कपाट आणि प्रत्येक खणावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: टर्की, ससा, कोंबडा – मान, कोंबडा – पाठ, मोर, हरीण – शेपूट, हरीण – पोट. सातारहून आई आल्या होत्या तेव्हा त्यांनी चष्मा लावून हे सगळं वाचलं आणि त्या काही न बोलता वर गेल्या. दुसऱ्या दिवशी डायनिंग टेबलावर एक पोपटी रंगवलेली अख्खी शेपटी वाळत पडलेली दिसली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"कोणाची रे ही?"

"हरणाची, आई. पण आपण मारलेलं नाही. विकत मिळते."

"मग ठीक आहे," आई म्हणाल्या, आणि आपलं पान उचलून सोफ्यावर जाऊन बसल्या.

मी एकदा त्यांचं बांधकाम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. व्हाइसच्या जबड्यात चार नंबरचा गळ. त्यावर दोऱ्याचं अस्तर, वेढ्याला वेढा लागून. मग शिशाचे दोन गोल डोळे, मधल्या दांडीने जोडलेले. ते आडवे ठेवून आठाच्या आकड्यात दोरा फिरवत आवळले. या डोळ्यांच्या वजनाने माशी पाण्यात उलटी होते, गळाचं टोक वर राहतं आणि तळातल्या खडकांत अडकत नाही; सगळी अक्कल इथे आहे. नंतर शेपटीचे पांढरे केस. झुबका चिमटीत धरून त्यांनी बुडाशी असलेली लव विंचरून काढली, आखूड केस वेचले, उरलेल्यांतले निम्मे बाजूला केले. राहिले त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आणखी चार काढले. त्यावर चमकणाऱ्या तारा, गळ फिरवून पोपटी केसांचा दुसरा झुबका, त्याचीही तशीच छाटणी. शेवटची गाठ, गाठीवर सुईच्या टोकाने लॅकरचा थेंब. बघताना मला ते सहा-सात मिनिटांचं काम वाटत होतं. पिसेबुवांना पाऊण तास लागला, आणि त्यातला अर्धा वेळ केस कमी करण्यात गेला. "विरळ पाहिजे," ते म्हणाले. "नवशिके केस भरतात." हे बोलताना त्यांनी नकळत स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला.

ही माशी म्हणजे क्लाउझर डीप मिनो. ती बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात बसवली. त्यांचं दुकान मिडलटाउनला होतं, पिसेबुवांच्या घरापासून गाडीने जवळच. मिडलटाउनचं नाव जगाला माहीत झालं ते १९७९ साली, थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला तेव्हा. भारतातून पाहुणे आले की त्यांना लांबून ते शीतमनोरे दाखवायची इथे पद्धत आहे. पिसेबुवाही पाहुण्यांना नेतात, गाडी थांबवतात, मनोऱ्यांकडे पाठ करून नदीकडे हात दाखवतात आणि म्हणतात, "इथे क्लाउझरचा जन्म झाला." पाहुणे आदराने पाण्याकडे बघतात. माझ्या मेव्हण्याला परत पुण्याला पोचेपर्यंत क्लाउझर हा अणुशास्त्रज्ञ वाटत होता.

रंगांचा विषय निघाला की त्यांच्याजवळ बसू नये. ऑलिव्ह या एका रंगाच्या त्यांच्याकडे आठ छटा आहेत, आणि नदी गढूळ असताना कुठली, ढग असताना कुठली, क्रेफिशने नुकतीच कात टाकलेली असताना कुठली, याची त्यांची ठाम मतं आहेत. हाच माणूस न्यू जर्सीत ओक ट्री रोडवरच्या साडीच्या दुकानात वहिनींनी मोरपंखी आणि चिंतामणी अशा दोन साड्या पुढे धरल्यावर म्हणाला होता, "दोन्ही एकच की." वहिनींनी दोन्ही घेतल्या. तेव्हापासून ऑलिव्हची नवी छटा आली की वहिनींची एक साडी येते. हा हिशेब बोलून ठरलेला नाही, पण चोख पाळला जातो.

पिसांपायी माणसं काय करतील याला धरबंध नाही. २००९ साली इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरली. त्यातली कित्येक सालमनच्या जुन्या पद्धतीच्या माश्या बांधणाऱ्या शौकिनांना विकली गेली. पिसेबुवा ही गोष्ट निषेधाच्या सुरात सांगतात, पण सांगताना त्या पिसांचं वर्णन जरा जास्तच रंगतं. त्यांचा स्वतःचा गुन्हा त्या मानाने किरकोळ. २०११ साली अमेरिकेत बायकांनी केसांत कोंबड्याची लांब, पट्ट्यापट्ट्यांची पिसं माळायची टूम निघाली. सलूनवाल्यांनी माश्या बांधणाऱ्यांच्या दुकानांतला माल उचलला, भाव गगनाला भिडले आणि देशभरचे मासेमार हवालदिल झाले. त्याच वर्षी आमच्या गणेशोत्सवात एक कॉलेजातली मुलगी तसली दोन पिसं केसांत माळून आरतीला उभी होती. पिसेबुवा आरती सोडून तिच्या मागे जाऊन उभे राहिले. वाकून बघितलं. मग तिला विचारलं, "ही तू रोज घालणार आहेस का, की नंतर टाकून देणार?" मुलीची आई मंडळाची खजिनदार होती. प्रकरण मिटवायला वहिनींना दोन घरी जेवणं घालावी लागली.

मात्र एका पिसाशी त्यांचं वागणं वेगळं आहे. ते कपाटात नाही, पाकिटात आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस: काळपट, आणि त्यावर मेणाचा थेंब गोठावा तसा पांढरा-पिवळा चकचकीत ठिपका. माशीच्या डोक्याशी दोन बाजूंना लावला की डोळा तयार. शंभर-दीडशे वर्षं युरोप-अमेरिकेतले मासेमार या ठिपक्यासाठी जीव टाकत आले, आणि हा पक्षी राहतो आपल्या सह्याद्रीत. आता आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. बाहेर जे पीस मिळतं ते पाळीव रानकोंबड्यांचं. पिसेबुवांनी ते रीतसर पावतीसकट इंग्लंडहून मागवलंय. लहानपणी मामांकडे कोयनेच्या बाजूला गेलं की पहाटे हाच कोंबडा रानातून ओरडायचा आणि ते पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. आता पेनसिल्व्हेनियातल्या तळघरात भिंगाखाली ते पीस धरून ते म्हणतात, "केवढा कारागीर आहे बघा." बांधायला मात्र अजून धीर झालेला नाही.

इथवर ठीक होतं. खरी पंचाईत नदीवर.

सस्क्वेहाना हॅरिसबर्गपाशी जवळजवळ मैलभर रुंद आणि उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी जेमतेम कंबरभर. वरच्या अंगाला रॉकव्हिलचा अठ्ठेचाळीस कमानींचा दगडी रेल्वेपूल, १९०२ सालचा. त्याच्याही वर नदीच्या मधोमध, जुन्या पुलाच्या उरलेल्या खांबावर स्टॅच्यू ऑफ लिबर्टीची बुटकी प्रतिकृती उभी आहे. कमानींखालून पाणी खडकांच्या पायऱ्यांवरून खळाळत येतं आणि प्रत्येक पायरीमागच्या संथ पाण्यात बास उभा असतो. माणसाने तिथे जावं, माशी टाकावी. पिसेबुवा आधी दोरीला बांधलेला थर्मामीटर टाकतात. मग वाकून दगड उलटे करतात आणि खाली कोण राहतं ते बघतात. मग आकाश बघतात. मग पेटी उघडतात, आणि रुखवत मांडल्यागत ते सगळं समोर आलं की त्यांचा निर्णय संपतो.

"पाणी अडुसष्ट. म्हणजे वर यायला हरकत नाही. पॉपर लावू का? पण ऊन आहे. ऊन आहे म्हणजे खाली असेल. खाली म्हणजे क्लाउझर. पण डोळे कुठले, औंसाचा छत्तिसावा की पन्नासावा? पाणी उथळ आहे…"

"लावा हो कुठलीतरी," मी म्हणतो.

या वाक्याने ते दुखावतात. कुठलीतरी माशी त्यांच्या पेटीत नाहीच. प्रत्येकीमागे एक युक्तिवाद आहे. शेवटी एक लागते, पाच-सहा वेळा पाण्यात पडते, आणि मासा आला नाही की तो युक्तिवाद कोसळून दुसरा उभा राहतो. गाठ सोडायची, चष्मा कपाळावर, नवी गाठ, थुंकीने ओली करून आवळायची. दुपार बहुतेक अशीच जाते. पलीकडच्या खडकावर एखादा स्थानिक म्हातारा सकाळपासून तीच एक फाटकी माशी टाकत मासे काढत असतो. पिसेबुवा त्याच्याकडे बघत नाहीत. त्यांच्या मते त्या माणसाला विषयच कळलेला नाही.

अभ्यास मात्र खरा. विणीच्या दिवसांत, पाणी साठ अंशांच्या आसपास असताना, नर बास वाळू-खडीत घरटं करून अंडी-पिलांवर पहारा देतो. त्या आठवड्यांत पिसेबुवा काठी हातात धरत नाहीत. "बाळंतपण आहे त्याच्या घरी," म्हणतात. "माझ्या वेळी हा माणूस सर्व्हर-रूममध्ये होता," वहिनी म्हणतात. जून २०१५मध्ये कोलंबिया आणि राइट्सव्हिलच्या मधल्या पुलावर दिव्यांना भुलून मेफ्लाय किड्यांचा असा खच पडला की मोटरसायकली घसरल्या आणि पूल बंद करावा लागला. ती बातमी लागल्यावर पिसेबुवा बरणी आणि टॉर्च घेऊन निघाले. लोक विचारत होते, फार लागलं का हो कुणाला? हे विचारत होते, पंख दुधी होते की हस्तिदंती?

मला या गृहस्थाचं कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. खायचा नाही, फोटोची हौस नाही, मोजदाद नाही. मग एकदा त्यांच्या ऑफिसातल्या निरोपसमारंभाला गेलो आणि थोडंसं उमगलं. तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला 'ग्रेट जॉब' म्हणत होता. कॉफी सांडून पुसली तरी 'ग्रेट जॉब'. पिसेबुवांच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी कधी नापास केलेलं नाही, आणि सातारच्या शाळेत मास्तरांचा लाल शेरा खाऊन वाढलेल्या माणसाला ते बाधतं. बास मुलाहिजा ठेवत नाही. तो वर येतो, माशीपासून वीतभर अंतरावर थांबतो, त्या पाऊण तासाच्या कामाकडे शांतपणे बघतो आणि वळून निघून जातो. तेव्हा पिसेबुवांचा चेहरा बघावा. इतक्या नीट कुणी वाचलं नव्हतं त्यांना.

पकडलेला मासा सोडून द्यायचा, हे त्यांच्या शाकाहाराला सोयीचं. शिवाय नियमच आहे: २००५पासून इथल्या बासची पिल्लं रोगाने मरू लागली, तेव्हा पुढे नदीच्या या पट्ट्यात धरलेला बास लगेच पाण्यात सोडायचा असं ठरलं. पण हे मालवणला कसं समजवायचं? दर रविवारी वहिनींच्या आईचा फोन असतो.

"जावई खंय?"

"नदीवर गेलेत, मासे पकडायला."

"गावलो काय?"

"गावला. सोडला."

तिकडे बराच वेळ शांतता. मग: "धरलेलो मासो कोणी सोडता काय? तब्येत बरी आसा मां तेंची?"

गेल्या सप्टेंबरात एक गोष्ट घडली. संध्याकाळ झाली होती, पेटीतले सगळे युक्तिवाद हरले होते आणि पिसेबुवांना खिशाच्या तळाशी एक जुनी वूली बगर सापडली. १९६७ साली पेनसिल्व्हेनियाच्याच रसेल ब्लेसिंग यांनी, बासला आवडणाऱ्या हेलग्रमाइट नावाच्या पाणकिड्याची नक्कल म्हणून केलेली माशी; शनीलचं अंग, माराबूची शेपटी, वरून कोंबड्याच्या पिसाचे वेढे. ही पिसेबुवांनी सुरुवातीच्या काळात बांधलेली. अंग पिळवटलेलं, शेपटी अर्धी गळालेली, पिसाचा वेढा सुटून लोंबत होता. "हिला निदान धुऊन घेऊ," म्हणून त्यांनी ती पाण्यात सोडली.

बासने ती अशी ओढली की काठीचा कमानीसारखा बाक झाला. चांगला हातभर मासा. तीन उड्या मारल्या, आमच्याकडे तीनदा लाल डोळा वटारला आणि पिसेबुवांच्या ओल्या हातातून सुटून पाण्यात गेला. मी टाळ्या वाजवल्या. ते मात्र हातातल्या चिंधीकडे बघत उभे होते.

"झिजलेली पाहिजे," ते हळूच म्हणाले. "झिजलेली पाहिजे होती, हे लक्षातच आलं नाही."

तो हिवाळा घरात कठीण गेला. नवी माशी नीट बांधून मग ती शास्त्रशुद्ध झिजवायची, असा प्रकल्प निघाला. दाढीचं पातं, खरकागद, दात घासायचा जुना ब्रश. मग गळाच्या टोकावर बूच खोचून, मोज्यात बांधून ड्रायरमध्ये. एका सोमवारी माझ्या देखत वहिनींनी आपल्या ब्लाउजवरून पोपटी केस वेचून टेबलावर ठेवला आणि "आता बास" एवढंच म्हणाल्या. एरवी पाहुण्यांसमोर त्या नवऱ्याला अहो म्हणतात. पुढचं वाक्य 'अरे'ने सुरू झालं, म्हणून मी निघालो.

मार्चात पुन्हा गेलो तेव्हा तळघरात नवी पेटी होती. तीन कप्पे, तीन चिठ्ठ्या: किंचित जीर्ण, मध्यम जीर्ण, अतिजीर्ण. एकेक माशी अशी बेतून फाडलेली की बघत राहावं. अतिजीर्णमध्ये तर एकीचा एक डोळाच नव्हता, आणि तो कुठल्या कोनातून तुटायला हवा यावर त्यांनी मला बरंच समजावलं.

"वा," मी म्हणालो. "मग, चालतात का नदीत?"

"छे, अजून पाण्यात नाही घातल्या," पिसेबुवा पेटी मिटत म्हणाले. "खराब होतील."